तक्त्यात नसलेला रकाना

सोमवारी वर्ग उघडला तेव्हा
खिडकीतल्या अठरा बाटल्यांतलं पाणी निवळलं होतं.
शनिवारी हलवून हलवून त्याचा चहा केला होता आम्ही.
आता तळाला वाळू, तिच्यावर गाळ,
आणि सगळ्यात वर, सायीसारखी, चिकणमाती.
"बाई, ह्यांना कुणी सांगितलं कुणी कुठं बसायचं?"
हे विचारलं दुर्गेशनं,
ज्याला जूनपासून मी
एका जागी बसवू शकलेले नाही.

अलफियाची बाटली तेवढी उलटी.
तिची माती वर तरंगत होती, खाली नितळ पाणी.
अम्मी कामाला जाते त्या बंगल्याच्या गच्चीतली,
पाकिटातून आलेला नारळाचा भुसा.
"ही माती नाहीच!" वर्ग ओरडला.
अलफिया बाटलीकडे बघत राहिली.
"पण हिच्यात टोमॅटो येतात," म्हणाली.
मी फळ्यावर लिहिलं: टोमॅटो येतात.
त्याच्यापुढे काय लिहावं
ते मला अजून सुचलेलं नाही.

पुस्तकात खडकांचे प्रकार तीन.
हनुमान टेकडीवर एकच.
पोरांनी पिशव्या भरून आणले,
मोठा काळा, छोटा काळा,
भोकंवाला काळा, भोकात पांढरे दाणे असलेला काळा.
"सगळे अग्निजन्यच का, बाई? बाकीचे दोन कुठं गेले?"
बाकीच्या दोघांसाठी टेकडी पुन्हा चढायची
तयारी होती त्यांची, डबा खाऊन लगेच.
मग कुणीतरी उरलेलं लिंबू
व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर पिळलं.
चुरचुर.
चोवीस कान जमिनीला टेकले.
बारा पोरं पालथी, आणि स्तरित खडक
इतकी वर्षं आमच्या चपलांखाली.
(लोणकरमामा त्या डागांबद्दल
अजून बोलतात. हेडबाईंशीही बोललेत.)

रेणुका कुसाळकर ऑगस्टात आली शाळेत.
वाचताना जोडाक्षरापाशी थांबते,
पाय अडकल्यासारखी.
वडारवाडीतून येते. वडील ब्रेकर चालवतात,
बिल्डिंग उभी राहायच्या आधीचा खड्डा खोदतात.
तिनं दोन दगड घेतले, सारखेच दिसणारे,
तिसऱ्यानं एकेकाला हलकेच ठोकलं, कान जवळ नेऊन,
डॉक्टर छाती तपासतात तसं.
"हा पक्का. हा गेलाय."
"कशावरून गं?"
"ऐका की."

खण्ण.
भद्द.

"ह्याच्या पोटात पाणी शिरलंय," ती म्हणाली,
आणि दुसरा दगड पायरीवर आपटला.
पापुद्रे सुटले, कांद्याचे सुटतात तसे.
आत पिवळा मुरूम, बोटानं कुस्करेल इतका.
दगड, पण माती व्हायला निघालेला.
धड्यात ह्यावर दीड परिच्छेद आहे.
तो मी बारा वर्षं शिकवते आहे,
बोटांना काहीही न लागता.

निरीक्षण तक्त्यात रकाने चार:
रंग, स्पर्श, कठीणपणा, पाणी जिरते का.
रेणुकानं विचारलं, आवाज कुठं लिहू?
पट्टी सापडेना. मी हातानंच रेघ मारली,
वाकडी आली.
तिनं लिहिलं 'खण', एकच ण.
मी खूण केली नाही.
मग सगळ्यांनीच तपासायला घेतलं,
पाण्याची टाकी, बाक, खिडकीचे गज,
दुर्गेशचं डोकं.

संध्याकाळी सेनापती बापट रस्त्यावर
बस सिग्नलला थांबली एका खड्ड्याशेजारी.
हिरव्या कापडाचा आडोसा एके ठिकाणी फाटलेला,
आत कापलेली भिंत:
हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम,
मग खाली, दिव्याच्या उजेडापर्यंत, काळा पाषाण.
आमचीच बाटली, पाच मजले खोल.
तळाशी पिवळ्या हेल्मेटचा एक माणूस.
त्यानं ब्रेकर बंद केला, वाकला,
हातोडीनं दगडाला एकदा ठोकलं
आणि थांबला.

मी खिडकीची काच सरकवली.
मागच्या रिक्षांनी हॉर्न धरला होता,
काही ऐकू आलं नाही.
नखांत अजून मुरूम होता.